सगुणाचा डावा पाय

तिचा पाय मी भाजला. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. गावात माझ्या बायकोची आठवण निघते तेव्हा लोक म्हणतात, बापू, तुमच्या घरची बाई मोठी हिमतीची, नागपूरला पायाची शीर जोडून आली अन् बारा वर्षं त्याच पायावर धानाची रोवणी केली. खरं आहे. पण त्या पायाला जखम झाली कशी हे कोणी विचारत नाही, अन् ती होती तोवर तिनं मला गावात सांगू दिलं नाही. आता मनाई करणारं कोणी नाही.

तिचं नाव सगुणा. नावानं मी तिला कधी हाक मारली नाही. आमच्याकडे मारत नाहीत. मुलगी झाली तेव्हापासून ‘शेवंताची माय’, त्याच्या आधी नुसतं ‘अवो’. आता कागदावर सगुणा सगुणा लिहितो आहे तर दुसऱ्याच कोणाच्या बायकोबद्दल लिहितो आहे असं वाटतं.

आमचं गाव आंधळगावपासून पायी अर्ध्या तासावर, तलावाच्या पाळीखाली. धानाचे दोन बांध, म्हणजे शेताचे दोन तुकडे, आणि घरोघरी विड्या. सगुणा नऊ वर्षांची होती तेव्हापासून विड्या वळत होती. सूप मांडीवर, तेंदूची भिजवलेली पानं डाव्या हाताला, तंबाखू समोर. बोटं चालू अन् तोंडही चालू. बोलता बोलता तिची विडी वळून, दोऱ्यानं बांधून, टोक दुमडून सुपात पडलेली असायची, आणि ती सुपाकडे पाहायची सुद्धा नाही.

कारखान्याच्या वतीनं विड्या गोळा करतो त्याला आम्ही सट्टेदार म्हणतो. तो प्रत्येकीच्या विड्या तपासून कमजोर विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. सगुणाच्या सुपाला जुना सट्टेदार हात लावत नव्हता. मग एक नवा आला, तेल लावून भांग पाडलेला. त्यानं चार बायांसमोर तिच्या मूठभर विड्या छाटल्या. सगुणा उठली नाही की ओरडली नाही. छाटेतली एक विडी उचलली, चुलीतल्या कोलतीवर पेटवली आणि त्याच्या तोंडासमोर बसून शेवटपर्यंत ओढली.

“इझली का जी?” तिनं विचारलं.

“नाही.”

“फुटली का?”

“नाही.”

“मंग आता दुसरी पेटवू का सगळी छाट वढून दाखवू? मले टाइम हाये.”

त्यानं विड्या मुकाट परत सुपात टाकल्या. बाया हसून हसून लोळल्या. मीही हसलो. ती अशी सहज विडी ओढायची ते मला तेव्हा वाईट दिसलं नाही. वळणारी बाई चव पाहणारच. दिवसाच्या सात-आठ तरी ओढत असेल. मी तिच्या दुप्पट ओढत होतो.

पायाचं दुखणं आलं ते पोटरीत. तलावाच्या पाळीवर ओळीनं पळसाची झाडं आहेत. ती त्या पाळीवरून बांधात जायची. आधी म्हणाली, शेवटच्या झाडापाशी पोटरीत गोळा येते. थांबलं की जाते. पुढच्या वर्षी चौथ्या झाडापाशी यायला लागला. मग दुसऱ्या. तिच्या मागून येणाऱ्या बाया म्हणायच्या, काय वो सगुणा, झाडाले झाडाले भेटी देऊन राहिली का? ती म्हणायची, हो, तुमच्यापेक्षा बरं बोलतेत ते.

त्या हिवाळ्यात तिचा डावा पाय थंड पडला. थंड म्हणजे पाण्यातून काढलेल्या मासोळीसारखा. आणीबाणीचं साल होतं. एका सकाळी ती खाटेवर पडली होती. मला तिची दया आली. मी चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि तिच्या टाचेला लावली.

“लागून राहिलं का?” मी विचारलं.

“काहीच नाही लागत. अजून जवळ सरकवा.”

मी सरकवली. तरी काही लागत नाही म्हणाली, तर मी फडकं काढून टाकलं. उघडी वीट टाचेला टेकवून मी बाहेर बैलाला चारा टाकायला गेलो. आलो तेव्हा तिला डुलकी लागली होती आणि टाचेवर आंब्याएवढा फोड होता. तिला त्याचा पत्ताही नव्हता. आमच्याकडे पाय गार पडला की सगळे असंच करतात. ज्या पायात रक्तच पोचत नाही त्याला उष्णता कळत नाही आणि भाजलेलं भरूनही येत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

फोड फुटला. पाल्याचा लेप झाला, हळद झाली, मलम झालं. टाच काळी पडत गेली. रात्रंदिवस ठणका. ती पाय खाटेखाली लोंबता सोडून बसायची, तेवढाच आराम. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरनं पाहून सांगितलं, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल.

“काढून त्याचं का करता?” सगुणानं विचारलं.

“घरच्यांच्या ताब्यात देतात. ते पुरतात नाहीतर जाळतात.”

ती खाटेवरून उठून बसली. “म्हणजे माझा पाय आधी जाईल, अन् मी मागून जाईन? नाही जी. मी एकदाच जाईन. जाईन तं सगळी जाईन.”

तो डॉक्टर चांगला होता. चिडला नाही. म्हणाला, नागपूरला मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर शिरेला शीर जोडतात, पायात रक्त नेतात. सगळ्यांचं होत नाही, पण दाखवून पाहा.

नागपूरच्या डॉक्टरांनी जांघेत सुई घालून रंग भरला आणि पायाचा फोटो काढला. फोटो उजेडासमोर धरून आम्हा दोघांना दाखवला. मांडीतली मोठी रक्तवाहिनी मध्येच गायब झाली होती आणि गुडघ्याच्या खाली पुन्हा बारीकशी दिसत होती. मला काही समजलं नाही. सगुणाला समजलं.

“नहर बुजला,” ती म्हणाली. “आता बाजूनं पाट काढाचा अन् खालच्या बांधात पाणी सोडाचं. असंच ना?”

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. “असंच. पाट तुमच्याच पायातल्या एका शिरेचा करायचा. ती काढून, उलटी करून जोडायची.”

“उलटी काहून?”

“त्या शिरेत आत झडपा असतात, रक्त एकाच बाजूनं जाऊ देणाऱ्या. सरळ लावली तर अडेल.”

“अन् हा पाट गाळानं भरला तं?”

“भरू शकतो. दोन वर्षांत भरेल, नाहीतर दहा वर्षं चालेल. ते थोडं माझ्या हातात आहे, जास्त तुमच्या. विडी ओढली तर नक्की भरेल.” मग त्यांनी टाचेकडे पाहिलं. “हे कशानं भाजलं?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती बोलली. “मीच शेकला, साहेब. घरचे बांधात गेले होते. मले अक्कल नाही.”

डॉक्टर तिला बोलले. बरंच बोलले. ती खाली मान घालून ऐकत होती. मी बाजूला उभा होतो, हातात तिची थैली धरून. त्या वेळी मी गप्प राहिलो. तेव्हापासून कोणी मला भला माणूस म्हटलं की माझं तोंड कडू होतं.

ऑपरेशनला अर्धा दिवस लागला. जांघेपासून पोटरीपर्यंत टाक्यांची रांग. शुद्धीवर आल्यावर ती पहिल्यांदा काय बोलली तर, “पाय हाये का?” मी म्हटलं, आहे. “हात लावून सांगा.” मी हात लावला. पाय गरम होता. नुसता गरम नाही, माझ्या हातापेक्षा गरम. ते सांगायचं सोडून मी खाटेचा दांडा धरून खाली बसलो. तिनंच मला विचारलं, “काय जी, बाळंत मी झाली का तुमी?” टाच भरायला तीन महिने गेले, पण भरली.

ती घरी आली ती दुसरीच बाई होऊन, असं म्हणणार नाही. जीभ तीच होती. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी तिनं अशा पाळल्या की पाहणाऱ्याला राग यावा. विडी सोडली. हजार विड्या दिवसाला वळायची आणि एकही ओठाला लावायची नाही. सकाळी ती दाताला गुडाखू, म्हणजे तंबाखूची मिसरी, घासायची. तिची डबी तिनं माझ्यासमोर तलावात फेकली. मला सोड म्हणाली नाही. म्हणाली, “तुमी वढा, पण आंगणाबाहेर. मले वास आला तं मन होते.” मी अंगणाबाहेर ओढत राहिलो. सोडली नाही. खोटं कशाला लिहू?

दुसरी गोष्ट बसण्याची. पाय दुमडून तासन् तास बसायचं नाही, गुडघ्यामागे शीर दबते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता विडी वळणारी बाई मांडी घातल्याशिवाय वळणार कशी? तिनं भिंतीला पाठ लावली, दोन्ही पाय समोर लांब केले आणि सूप मांडीवर राहीना म्हणून बाजूला उलट्या पायलीवर ठेवलं. पहिले आठ दिवस तिच्या विड्या वाकड्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा तिची छाट निघाली. तिनं ती निमूट घेतली. महिन्याभरानं हात बसला.

शेजारची भागिरथी म्हणाली, “काय वो, साहेबीण झाली का तू? पाय पसरून बसते.”

“हो. तू बी पसर. तुले कोण धरलं?”

याच भागिरथीनं जोडव्यांचा विषय काढला. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या पायाला चिमटा नको, बोटात काही घालू नका, छोटी जखमही मोठी होईल, असं सांगितलं होतं. सगुणानं दोन्ही पायांतली जोडवी काढून उतरंडीत ठेवली. आमच्याकडे जोडवी उतरतात ती नवरा मेल्यावर. विहिरीवर कुजबुज सुरू झाली. सासू हयात नव्हती म्हणून बरं. भागिरथी तोंडावर म्हणाली, “नवरा जिता हाये अन् पाय बोडके. शोभते का?”

सगुणा म्हणाली, “तुह्या पायात तं दोन दोन हायेत. तुहा नवरा कोठी हाये?”

भागिरथीचा नवरा भिलाईला कामाला गेला तो सहा वर्षं आला नव्हता. भागिरथी बादली टाकून घरी गेली. सगुणा घरी आली ती स्वतःवरच चिडलेली. संध्याकाळी लाखोरीच्या डाळीचे वडे केले आणि एक ताट भरून भागिरथीकडे गेली. दोघी काय बोलल्या माहीत नाही. दुसऱ्या दिवशी भागिरथी आमच्या भिंतीला पाठ लावून, पाय समोर पसरून विड्या वळत बसलेली होती. तिचे गुडघे दुखायचे, तिला ते मानवलं. पुढे आमच्या अंगणात आठ-दहा बाया तशाच बसायच्या. येणाऱ्या माणसाला पायच पाय दिसायचे.

सगुणाला तेव्हापासून एक खोड लागली. माणूस घरी आला की ती आधी त्याच्या पायाकडे पाहायची, मग तोंडाकडे. पाहुणा असो, तलाठी असो. “भेग पडली, तेल लावजा.” “नख आत जाऊन राहिलं तुमचं.” “पाय थंड पडते का जी?” लोक पाय धोतरात ओढून घ्यायचे.

शेवंताच्या वेळी शहापूरचं स्थळ आलं. मुलगा सडकेवरच्या एका दुकानात कामाला, स्वभावानं गरीब. पाहुण्यांना चहा दिला. मी शेतीचं विचारलं, त्याच्या काकानं देण्याघेण्याचं विचारलं. सगुणा दारात उभी. मध्येच म्हणाली, “पोराले जोडे काढाले सांगा.”

“काहून बाई?” काका म्हणाला.

“पाय पाहाचे हायेत.”

मुलानं बिचाऱ्यानं काढले. तिनं वाकून दोन्ही पावलांच्या वर बोटं ठेवली. डॉक्टरांनी तिला शिकवलं होतं, पावलाच्या मध्यावर रक्ताचा ठोका लागतो तो कसा पाहायचा. मग सरळ झाली आणि विचारलं, “विडी वढता का?”

समोर अंगणात तीन सुपं भरून विड्या पडलेल्या. पाहुणे हसले. मुलगा म्हणाला, “कधी कधी.”

“कधी कधीवाल्याचाच पाय कापते. लग्नाच्या आधी सोडान का मंग?”

मुलगा घाबरून म्हणाला, आजच सोडली. लग्न झालं. पाळलं का त्यानं? जावई माझ्यासमोर तरी ओढत नाही. शेवंता म्हणते, मायचा हात अजून पायावर वाटते त्यांना.

चालायचं मात्र ती कोणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या हिशोबानं चालायची. रोज सकाळी तलावाची पाळ, पहिल्या पळसापासून सांडव्यापर्यंत आणि परत. पोटरीत गोळा आला नाही म्हणजे पाट वाहतो आहे, असं तिचं गणित. ऑपरेशननंतर तिसऱ्या वर्षी, ऐन रोवणीच्या दिवसात, ती पाळीवरून आली आणि थैली भरायला लागली.

“कोठी चालली?” मी विचारलं.

“नागपूरले. चौथ्या झाडापाशी गोळा आला.”

“रोवणी होऊ दे. आठ दिवसानं जाऊ.”

“आठ दिवसानं तुमी रोवणी करान अन् मी पाय गाडीन. आजची गाडी धराची हाये.”

शेजारी बांधात बाया वाट पाहत उभ्या होत्या, चिखल तयार, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून ठेवलेले. भागिरथीच्या हाती बांध सोपवून आम्ही निघालो. डॉक्टरांनी कानाला नळी लावून मांडी ऐकली, ठोका पाहिला. म्हणाले, जोडाच्या जागी शीर आतून अरुंद झाली आहे. आणखी काही दिवस गेले असते तर पूर्ण बंद झाली असती आणि मग कोणाच्या हातात काही राहिलं नसतं. उघडून ठिगळ लावावं लागेल.

त्या वेळी ते रजिस्टरमध्ये जुनं सगळं पुन्हा लिहून घेत होते. ज्यांना ज्यांना शीर जोडली त्यांचं पुढे काय होतं याची ते दरवर्षी नोंद ठेवायचे. त्यात आलं, पहिली जखम कशामुळे? रुग्णानं स्वतः शेक घेतला. त्यांनी ते वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“साहेब, वीट मी ठेवली होती. उघडी. ती खोटं बोलली.”

डॉक्टरांचा पेन थांबला. सगुणा खाटेवरून माझ्यावर अशी वळली की मला वाटलं ठिगळाआधीच काही तुटेल.

“कोण इचारलं होतं जी तुमाले? तीन वर्षं झाकून ठेवलं मी!”

“बाई, पण तुम्ही खोटं का सांगितलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“खरं सांगतलं असतं तं तुमी याइले बोलले असते. अन् हे रडले असते. बायांच्या वार्डात बाप्या रडला तं कसं दिसते? मले बोललं तं मी ऐकून घेते, मले काही होत नाही.”

डॉक्टर हसले नाहीत. रजिस्टरमध्ये काहीतरी खोडून लिहिलं. मला म्हणाले, “थंड पायाला शेक देणारा नेहमी घरचाच माणूस असतो. दुसरा कोण इतका जवळ येतो?” त्यांनी सहज म्हटलं असेल. मी ते बारा वेळा तरी मनात म्हणून पाहिलं आहे. कधी पटतं, कधी नाही.

ठिगळ लागलं. पाट पुन्हा वाहायला लागला. रोवणी भागिरथीनं आटपून ठेवली होती आणि आमच्यापेक्षा सरळ रांगांत.

त्यानंतर दरवर्षी एकदा नागपूर. तिथल्या बाकावर तिची मंडळी भेटायची, तिच्यासारखेच शीर जोडलेले. ती सगळ्यांची हजेरी घ्यायची. तुमसरची म्हातारी आली का? आली, पाय चांगला आहे. पवनीचे गुरुजी? ते छातीच्या दुखण्यानं गेले, पाय शेवटपर्यंत धड होता. कोणाची शीर वर्षातच बंद झाली होती तरी टाच तेवढ्यात भरून निघाली होती, म्हणून पाय राहिला. कोणी विडी पुन्हा धरली होती. नव्या पेशंटला ती डॉक्टरांच्या आधी गाठायची. “वीट नोको ठेवजा. गरम पाणी बी आधी हातावर पाहाचं, मंग पायावर.” नर्सा तिला हाकलायच्या आणि पुढच्या वर्षी स्वतःच विचारायच्या, आंधळगाववाल्या बाई नाही आल्या का?

कारध्याचा डोमा त्याच बाकावरचा. वैनगंगेत मासे धरणारा, उंच, हसरा. त्याची शीर पाचव्या वर्षी बंद झाली आणि पाय मांडीतून गेला. नागपूरहून येताना भंडारा आल्यावर सगुणा मला न विचारता म्हणाली, “कारध्याले उतराचं हाये.” डोमा नदीकाठी डोंग्यात बसून जाळं विणत होता. लुंगी एका बाजूला रिकामी.

“वढत होता ना तू?” तिनं काठावरूनच विचारलं.

“वढत होतो, बाई.”

“मी सांगतलं होतं.”

“सांगतलं होतं.”

मला वाटलं आता ती त्याला झोडणार. ती काठावर पाय पसरून बसली. मग डोमा म्हणाला, “डोंगा एका पायानं चालते, बाई. बसूनच वल्हवाचा असते. बैलं चारता आली नसती.” मग हातानं पलीकडचं बाभळीचं झाड दाखवून म्हणाला, “तिथी पुरला पाय. पोराले सांगून ठेवलं, मले बी तिथीच नेजा. भेट झाली पाहिजे ना दोघाइची.”

तो हसला. सगुणा हसली नाही. तिनं थैलीतून तिच्यासाठी घेतलेली संत्री काढून त्याच्या डोंग्यात ठेवली. परत येताना गाडीत तिनं माझा हात धरला होता. चारचौघांत हात धरण्याची तिची ती एकच वेळ.

वर्षं गेली. आठवं, नववं, दहावं. डॉक्टर दरवेळी पावलावर बोटं ठेवायचे आणि म्हणायचे, बाई, तुमचा पाट माझ्या रजिस्टरातला सगळ्यात जुना वाहता पाट. तिला ते फार आवडायचं. गावात सांगायची नाही, पण त्या दिवशी माझ्याशी गोड बोलायची. दहाव्या वर्षी त्यांनी तिची छाती जास्त वेळ ऐकली. म्हणाले, पायाच्या शिरा जशा भरतात तशा हृदयाच्याही भरतात, जपा, जास्त उचलू नका, दम लागला तर लगेच या. गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्या ती घ्यायची. पण दम लागायचा ते तिनं पायासारखं मोजलं नाही. सांडव्यापाशी थांबायला लागली. मी विचारलं, गोळा आला का? नाही, म्हणाली, पोटरी चांगली हाये, जरा दम खाऊन राहिली. पोटरी चांगली आहे एवढं ऐकलं की माझं समाधान. बारा वर्षं आम्ही दोघं त्या पायाला राखत बसलो. दुसरीकडून काही आत येईल हे आमच्या ध्यानातच आलं नाही. भागिरथी एकदा म्हणाली होती, बापू, इचं तोंड काळवंडलं. मी म्हटलं, उन्हानं असेल.

बाराव्या वर्षी नागपूरला जायच्या वेळी मला हिवताप होता. ती म्हणाली, “तुमी पडून राहा. मले रस्ता माहीत हाये.” ती पहिल्यांदा एकटी गेली.

पुढचं मला डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी पाय तपासला. दोन्ही पावलांवर ठोका चांगला. तसं रजिस्टरमध्ये लिहिलं. छातीचा कागद, ईसीजी म्हणतात तो, काढायचा होता म्हणून तिला बाकावर बसवलं. शेजारी गोंदियाकडची एक बाई बसली होती, तिच्या नवऱ्याचा पाय काळा पडलेला. सगुणा तिला विटेचं सांगत होती. सांगता सांगता मान भिंतीला टेकवली. त्या बाईला वाटलं, थकली असेल. डॉक्टर धावत आले तोवर काही उरलं नव्हतं. त्यांनी छातीवर खूप दाबून पाहिलं. मला म्हणाले, मी पायाचा डॉक्टर, पाय राखला. त्यांचे डोळे लाल होते. ते जे राखायचं म्हणाले होते ते त्यांनी राखलं होतं.

सगळी जाईन म्हणाली होती. सगळी गेली. लोक मला हेच सांगून समजावतात. पटत नाही. मला ती एका पायानं सुद्धा चालली असती. हे मी तिला कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तिनं मला अंगणाबाहेर काढलं असतं.

मी तिला शेवटची पाहिली ती त्या सकाळी सडकेवर. अंगात हिव भरत होतं, तरी चादर लपेटून तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो. ती सारखी मागे वळून म्हणत होती, जा ना जी घरी, मलेच तुमाले पोचवाले यावं लागन. एसटी आली. कंडक्टरनं म्हातारी समजून हात पुढे केला. तिनं त्याच्या हातात थैली दिली आणि दांडी धरून स्वतः चढली. मी मैलाच्या दगडावर बसलो. गाडी हलली. मागच्या काचेतून ती मला दिसली. बाजूचा बाक रिकामा होता, तिथं बसायला कंडक्टर सांगत होता. ती बसली नाही. गाडी खड्ड्यांतून डुलत होती आणि ती वर काहीही न धरता, दोन्ही पायांवर, उभी होती.